बालअतिदक्षतेची खाट कोठे असावी?

एक महिन्यापासून पौगंडावस्थेपर्यंतच्या ज्या मुलांचा श्वास, रक्ताभिसरण, मेंदूचे कार्य किंवा मूत्रपिंडांचे काम बाहेरच्या आधारावाचून टिकणार नाही अशी अवस्था येते, त्यांच्या उपचारांसाठी राखलेल्या विभागाला बालअतिदक्षता विभाग म्हणतात. रुग्णालयात मात्र लहानथोर सगळे त्याला ‘पीआयसीयू’ म्हणूनच ओळखतात. अठ्ठावीस दिवसांच्या आतील अर्भकांची सोय निराळी असते आणि भारतात ती जिल्हा पातळीपर्यंत बऱ्यापैकी पोचलीही आहे, कारण पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे २००३ साली उभारलेल्या नवजात शिशू कक्षाचा नमुना पुढे देशभर गिरवला गेला. त्याहून मोठ्या मुलांच्या वाट्याला तसे काही फार काळ आले नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, जुलै २०२१ मध्ये, केंद्र सरकारने २३,१२३ कोटी रुपयांची आपत्कालीन योजना मंजूर केली आणि तीत देशातील सर्व ७३६ जिल्ह्यांत बालरोग कक्ष उभारण्याचा, तसेच नव्याने वाढवायच्या २०,००० अतिदक्षता खाटांपैकी एक पंचमांश खाटा मुलांसाठी ठेवण्याचा समावेश केला, तेव्हा हा विषय मोठ्या शहरांच्या बाहेर ठळकपणे चर्चेला आला.

खाटा वाढाव्यात याबद्दल दुमत नाही. दुमत आहे ते त्या कोठे वाढाव्यात आणि त्यांच्याआधी काय वाढावे याबद्दल. पुढील संवादातील दोन्ही पात्रे कल्पित आहेत. त्यांपैकी एक मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालयात बालअतिदक्षता विभाग चालवणाऱ्या प्राध्यापिका आहेत, तर दुसरे विदर्भातील एका जिल्हा रुग्णालयात अनेक वर्षे काढलेले बालरोगतज्ज्ञ आहेत. त्यांच्या तोंडी घातलेली मते मात्र वैद्यकांच्या परिषदांत आणि आरोग्य खात्याच्या बैठकांत नेहमी ऐकू येतात.

प्राध्यापिका : या शाखेचा जन्म कसा झाला ते पाहिले तर निम्मा वाद तिथेच मिटतो, डॉक्टर. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा ब्लेगडाम या साथरोग रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांसाठी एकच लोहफुप्फुस होते, म्हणजे रुग्णाला मानेपर्यंत आत ठेवून भोवतालच्या हवेचा दाब कमीजास्त करणारी पेटी. त्याखेरीज छातीवर बसवायची सहा लहान यंत्रे होती. साथीच्या पहिल्या काही आठवड्यांत श्वसन निकामी झालेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. ऑगस्टअखेर भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला गळ्यापाशी छेद देववून नळी बसवून घेतली आणि त्या नळीला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली, आणि तीच पद्धत इतरांना लावल्यावर मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. अत्यवस्थ रुग्ण एके ठिकाणी आणून, त्या कामात मुरलेल्या माणसांच्या हाती सोपवले की ते जगतात, हा त्या साथीचा धडा आहे.

जिल्हा बालरोगतज्ज्ञ : मॅडम, त्या धड्यात यंत्र कोठे आहे? हाताने दाबायची पिशवी आणि सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी, जे पाळ्या लावून महिनोन्महिने ती पिशवी दाबत बसले. ऐन भरात तर एका वेळी सत्तर रुग्णांचा श्वास असा हातांवर चालू होता. त्या अनुभवानंतर चारच वर्षांनी, १९५६ साली, डेन्मार्कमध्येच आपोआप फुगणारी अंबू पिशवी निघाली आणि ती आज कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रसूतिकक्षात सापडते. कोपनहेगनने जे सिद्ध केले ते असे की, रुग्णाजवळ कोणीतरी सतत बसले तर साध्या साधनानेही जीव वाचतो.

प्राध्यापिका : हात होते हे खरेच, पण ते सगळे हात एकाच इमारतीत होते आणि त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पाउल आस्ट्रुप रक्ताची आम्लता मोजून हवा पुरेशी जाते आहे की नाही ते सांगत होते, हे विसरून चालणार नाही. ते विद्यार्थी शंभर गावांत विखुरलेले असते तर किती वाचले असते?

एकाच घटनेतून दोघांना उलटसुलट धडे मिळावेत यात नवल नाही. अतिदक्षतेच्या इतिहासात यंत्र, माणूस आणि जागा ही तिन्ही एकदमच आली असल्यामुळे यश नेमके कोणाचे हे वेगळे काढणे कठीण जाते. मुलांसाठीचा स्वतंत्र विभाग त्यानंतर तीन वर्षांनी, १९५५ साली, स्वीडनमधील गोथेनबर्गच्या बालरुग्णालयात योरान हाग्लुंड यांनी सुरू केला आणि १९६७ साली फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात जॉन डाउन्स यांनी अमेरिकेतील पहिला विभाग उभारला. मुलांना मोठ्यांपासून वेगळे का काढावे लागले, या प्रश्नाशी मात्र अधिक थांबायला हवे, कारण वादाचे मूळ तिथेच आहे.

प्राध्यापिका : मूल म्हणजे छोट्या आकाराचा प्रौढ नव्हे. तान्ह्या बाळाच्या श्वासमार्गाचा सर्वांत अरुंद भाग सुमारे चार मिलिमीटर रुंद असतो. त्याला आतून चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली की दोन मिलिमीटरच वाट उरते, हवा जाण्याची जागा एक चतुर्थांश होते आणि शांतपणे वाहणाऱ्या हवेलाही होणारा अडथळा सोळा पटींनी वाढतो. तेवढ्याच सुजेने मोठ्या माणसाचा आवाज फार तर घोगरा होईल. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात आठशे मिलिलिटरच्या आसपास रक्त असते, म्हणून तपासणीसाठी वारंवार काढलेल्या रक्ताचाही हिशेब ठेवावा लागतो. प्रत्येक औषध वजनावर मोजायचे, रक्तदाब वाढवणारी औषधे तर दर किलोला दर मिनिटाला अमुक मायक्रोग्रॅम अशी द्यायची आणि त्यांत दशांशचिन्ह एक घर चुकले तर मूल हाताचे जायचे. वर्षाकाठी दोनचार अत्यवस्थ मुले पाहणाऱ्या ठिकाणी हे कौशल्य टिकत नाही.

जिल्हा बालरोगतज्ज्ञ : हीच वस्तुस्थिती उलट्या बाजूने पाहावी, मॅडम. मुलाचे शरीर रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब बराच वेळ सांभाळते आणि मग एकाएकी कोसळते. म्हणून रक्तदाब घसरला हे मुलांमध्ये शेवटचे लक्षण आहे, पहिले नव्हे. पहिली लक्षणे ओळखायला मॉनिटर लागत नाही. नखावर किंवा छातीच्या हाडावर बोट दाबून सोडायचे आणि पांढुरकी पडलेली जागा पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे. तीन सेकंदांहून अधिक वेळ लागला, हातपाय गार लागले आणि नाडी जलद पण क्षीण झाली, तर रक्ताभिसरण कोलमडू लागले आहे असे समजायचे. श्वासांची गोष्टही तशीच आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ, वर्षाच्या आतल्याचे पन्नास आणि पाच वर्षांच्या आतल्याचे चाळीस श्वास भरले की न्यूमोनियाचा संशय धरावा, हे आशा कार्यकर्तीही घड्याळ हातात धरून मोजते. ज्या मुलाला सकाळी ओळखता आले असते ते संध्याकाळी निपचित होऊन मुंबईला पोचते, आणि मग अतिदक्षता किती अवघड असते हे सिद्ध होते.

प्राध्यापिका : ओळखले, पुढे काय? लक्षण ओळखणे आणि उपचार करणे यांत जे अंतर असते त्यात मुले जातात. खाटा एकवटाव्यात की विखराव्यात, याची मोजणी झालेली आहे. १९९७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक तुलना प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात अत्यवस्थ मुले जवळजवळ सगळी मेलबर्नच्या एकाच बालरुग्णालयात नेली जात, तर इंग्लंडच्या ट्रेंट विभागात ती अनेक रुग्णालयांत विभागली जात. आजाराची तीव्रता जमेस धरूनही ट्रेंटमध्ये मृत्यूची जोखीम व्हिक्टोरियाच्या दुपटीच्या आसपास निघाली. त्यानंतर ब्रिटनने मुलांची अतिदक्षता मोजक्या केंद्रांत एकवटली.

जिल्हा बालरोगतज्ज्ञ : आणि त्याबरोबरच अत्यवस्थ मुलाला आणायला केंद्रातून निघणारी खास पथकेही उभी केली, तो अर्धा भाग इथे वगळला जातो. मेलबर्नचे यश एका इमारतीचे नाही. ज्या रुग्णालयात मूल पहिल्यांदा येते तिथवर डॉक्टर आणि परिचारिका जातात, तिथेच श्वासनलिकेत नळी घालतात, रक्तदाब स्थिरावतो आणि मग वाहन हलते. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, मध्ये मेळघाटाचा घाट. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे आणि तिने असंख्य बाळंतिणींना व अपघातग्रस्तांना वेळेवर पोचवले आहे, पण अत्यवस्थ मुलाला नळीवर ठेवून चार तास नेणे हे निराळे काम आहे. खाट एकवटायची आणि वाट मोकळी सोडायची, तर एकवटण्याचा फायदा शहराजवळच्या मुलांपुरता राहतो.

या टप्प्यावर प्राध्यापिकांची बाजू कागदावर बळकट दिसते, पण त्यांच्या प्रतिपक्षाने दाखवलेली फट खरी आहे. मुले हलवण्याची यंत्रणा नसताना खाटा एकवटण्याचा सल्ला देणे म्हणजे मेलबर्नच्या अनुभवाचे सोयीचे तेवढे पान फाडून घेणे होय. मात्र हृदयाची शस्त्रक्रिया, महिनाभर व्हेंटिलेटर लागणारे गियाँ-बारे, म्हणजे नसांवर आघात होऊन अंग लुळे पडणारा आजार, किंवा यकृत निकामी झालेले मूल यांसाठी मोठ्या केंद्राला पर्याय नाही, हे जिल्ह्यात काम करणारेही मान्य करतात.

पुढचा प्रश्न अधिक कळीचा आहे. अतिदक्षतेतील जे उपचार ‘साधे’ मानले जातात ते खरोखर साधे असतात का?

जिल्हा बालरोगतज्ज्ञ : शिरेतून झपाट्याने द्रव देणे, म्हणजे सलाईनचा बोलस, हा बालरोगशास्त्रातला पाठ केलेला नियम होता. श्रीमंत देशांत तो रूढ झाला, पण त्याची नीट चाचणी कोणी घेतलेली नव्हती. कॅथरीन मेटलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युगांडा, केनिया आणि टांझानिया या देशांत तापाने फणफणलेल्या आणि रक्ताभिसरण बिघडलेल्या ३,१४१ मुलांवर ती घेतली. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. बोलस दिलेल्या गटांत ४८ तासांत सुमारे साडेदहा टक्के मुले दगावली, तर न दिलेल्या गटात ७.३ टक्के. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. श्रीमंत रुग्णालयाचा नियम गरीब रुग्णालयात जसाच्या तसा आणला तर जीव जातो, याहून स्पष्ट पुरावा कोणता?

प्राध्यापिका : पुरावा स्पष्ट आहे, पण कशाचा ते नीट बघायला हवे. त्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मलेरियाची होती, अनेकांचे हिमोग्लोबिन पाचाच्या खाली होते आणि जुलाबाने कोरडी पडलेली, तसेच कुपोषित मुले चाचणीतून वगळलेली होती. तेव्हा अतिसाराच्या मुलाला सलाईन देऊ नये असा अर्थ कोणी काढू नये. त्या रुग्णालयांत व्हेंटिलेटर नव्हते. अर्धी अतिदक्षता दिली, बाकीची अर्धी देता आली नाही, आणि मुले गेली.

जिल्हा बालरोगतज्ज्ञ : तसा अंदाज आधी होता, मॅडम, पण पुढच्या विश्लेषणात फुप्फुसांत पाणी साठून झालेले मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, वाढले ते रक्ताभिसरण कोसळून झालेले. म्हणजे व्हेंटिलेटर असता तरी ती सगळी मुले वाचली असती असे म्हणता येत नाही. आणि त्याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवावे. व्हिएतनामच्या हो ची मिन्ह शहरात डेंग्यूमुळे शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेल्या अवस्थेत, गेलेल्या ५१२ मुलांवर कोणता द्रव चांगला हे पाहणारी चाचणी झाली आणि २००५ साली तिचे निष्कर्ष छापून आले. तीत फक्त एक मूल दगावले. उपचार काय होता? शिरेतून दिलेला द्रव.

इथे वाद क्षणभर थांबला असता तर बरे झाले असते, कारण दोन चाचण्यांमधील हा विरोधाभास समजून घेण्याजोगा आहे. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि रक्त घट्ट होते, साधारण दोन दिवसांत तो पाझर आपोआप थांबतो; त्या वेळात द्रव कमी पडला तर शॉक बळावतो आणि जास्त झाला तर छातीत पाणी भरते. म्हणून हो ची मिन्हच्या रुग्णालयात नाडी, रक्तदाब, लघवी आणि रक्ताचा घट्टपणा दाखवणारा हिमॅटोक्रिट हा आकडा पुन्हा पुन्हा पाहून द्रवाचा वेग दर थोड्या वेळाने बदलला जात असे. तिथल्या परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी डेंग्यूची हजारो मुले पाहिलेली होती. बाटलीतला द्रव दोन्हीकडे शिरेतूनच गेला. आजार वेगळा होता, आणि खाटेशी उभे राहून त्या आजाराची चाल ओळखणारी माणसेही वेगळी होती. महाराष्ट्रात पावसाळ्यानंतर डेंग्यूची मुले जिल्ह्याजिल्ह्यांत भरती होतात, तेव्हा दर तासाचा तक्ता भरणारी सिस्टर रात्रपाळीला आहे की नाही यावर त्यांचे बरेचसे भवितव्य ठरते.

जिल्हा बालरोगतज्ज्ञांनी यानंतर आपल्या बाजूचे सर्वांत लाडके उदाहरण पुढे केले.

जिल्हा बालरोगतज्ज्ञ : ढाक्याच्या अतिसार संशोधन रुग्णालयातील मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी व्हेंटिलेटरच्या किमतीला उत्तर शोधले. बाळाच्या नाकात ऑक्सिजनची नळी, तिचे बाहेर पडणारे टोक पाणी भरलेल्या शाम्पूच्या रिकाम्या बाटलीत बुडवलेले. मूल श्वास सोडते तेव्हा त्याला पाण्याच्या दाबाविरुद्ध सोडावा लागतो, बाटलीत बुडबुडे उठतात आणि तेवढ्या दाबाने फुप्फुसांतले हवेचे कोश मिटत नाहीत. टोक पाण्यात जितके खोल, दाब तितका जास्त. याला बबल सीपॅप म्हणतात. गंभीर न्यूमोनियाच्या २२५ मुलांवरील त्यांच्या चाचणीत साध्या ऑक्सिजनवरची १५ टक्के मुले दगावली आणि बुडबुड्यांच्या बाटलीवरची ४ टक्के. निष्कर्ष २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. कोट्यवधी रुपये खर्चून उभारलेल्या विभागाला यापेक्षा चोख उत्तर नाही.

प्राध्यापिका : उत्तर चोख आहे, पण उदाहरण पुरते सांगायला हवे, डॉक्टर. मलावीतल्या सलीमा जिल्हा रुग्णालयात हाच उपचार तपासला गेला. तिथे एचआयव्हीचा संपर्क आलेली, कुपोषित किंवा ऑक्सिजन फार कमी झालेली मुले निवडली होती आणि देखरेख डॉक्टरांची नसून परिचारिका व साहाय्यक वैद्यकीय कर्मचाऱ्यांची होती. २०१९ साली निष्कर्ष आले ते असे की, बुडबुड्यांच्या गटातील १७ टक्के मुले गेली आणि साध्या ऑक्सिजनच्या गटातील ११ टक्के. ती चाचणीही मध्येच बंद करावी लागली. ढाक्यात बाटलीशेजारी अनुभवी डॉक्टर होते. नळी निसटली, पोट फुगले, मूल थकले, हे कोणीतरी पाहत होते. बाटली विखुरता येते, पाहणारा विखुरता येत नाही.

जिल्हा बालरोगतज्ज्ञ : पाहणारा घडवता येतो. मलावीतच, ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात, एलिझाबेथ मॉलिन्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तातडीच्या मुलांना रांगेतून आधी उचलण्याची पद्धत बसवली आणि कर्मचाऱ्यांना श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, बेशुद्धी या क्रमाने तपासायला शिकवले. भरती झालेल्या मुलांतील मृत्यू १० ते १८ टक्क्यांवरून ६ ते ८ टक्क्यांवर आले. यंत्र एकही नवे नव्हते. आणि आपल्याकडचे पाहावे तर महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचू चावलेले मूल घामाने डबडबून, हातपाय गार पडून, फुप्फुसांत पाणी भरून जात असे. विंचवाच्या विषाने शरीरातील अॅड्रेनलीनसारखी द्रव्ये एकदम उसळतात आणि हृदयावर असह्य ताण येतो, हे त्यांनी रुग्णाजवळ रात्ररात्र बसून हेरले आणि रक्तदाबाची एक स्वस्त गोळी, प्राझोसिन, वापरायला सुरुवात केली. त्यापूर्वी गंभीर रुग्णांत चाळीस टक्क्यांपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. तालुक्याच्या गावी, अतिदक्षता विभागावाचून.

प्राध्यापिका : बावस्करांनी जे केले ते अतिदक्षताच होती, फक्त दारावर तशी पाटी नव्हती. आणि एक बावस्कर मिळाले म्हणून दर तालुक्याला एक मिळेल असे धरून योजना आखता येत नाही.

हे उत्तर धारदार आहे. तरीही ते प्राध्यापिकांच्याच मूळ भूमिकेला थोडे छेद देते, कारण अतिदक्षता खाटेशी बसण्यात असेल तर ती मुंबईबाहेर शक्य आहे हे त्यांनी मान्य केले; आणि सलीमाच्या आकड्यांनी जिल्ह्याच्या बाजूलाही तितकेच अडचणीत आणले आहे, कारण स्वस्त साधन म्हणजे निर्धोक साधन ही समजूत त्यांनी मोडली. विंचवाच्या गोळीचे यश आणि बुडबुड्यांच्या बाटलीचे अपयश यांत फरक असा की, गोळी दिल्यावर हातपाय पुन्हा उबदार होत आहेत का एवढेच पाहत राहायचे असते, तर बाटलीवरच्या मुलात क्षणाक्षणाला काहीतरी बदलत असते आणि ते कळायला शिकलेला डोळा लागतो.

जिल्ह्यात उभारलेल्या विभागांकडे वळताच दोघांचाही सूर चढला.

प्राध्यापिका : ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागून दहा अर्भके दगावली. ऑक्सिजनने भरलेली खोली, दिवसरात्र तापलेली विद्युत उपकरणे, मिटलेली दारे. असा कक्ष उभारणे सोपे आणि त्याची निगा राखणे कठीण. ऑक्सिजनची नळजोडणी तपासणारा, जैववैद्यकीय अभियंता, आग लागल्यास मुले बाहेर काढण्याची तालीम, यांशिवाय जिल्ह्याजिल्ह्यांत व्हेंटिलेटर पाठवणे म्हणजे धोका वाटणे आहे.

जिल्हा बालरोगतज्ज्ञ : निगा नाही म्हणून कक्ष नको, असे म्हटले तर आधी शहरांतलेही बरेच बंद करावे लागतील. जिल्ह्याला व्हेंटिलेटर मिळतात, खोकी फुटतात, फोटो निघतात. परिचारिकांची पदे मात्र रिक्त राहतात आणि यंत्र भिंतीशी झाकून ठेवले जाते. दोष जिल्ह्याचा नाही, मागणीपत्रक लिहिणाऱ्यांचा आहे.

शेवटी दोघे खर्चाच्या आणि थांबण्याच्या प्रश्नाशी आले. भारतात पीआयसीयूतून मूल बाहेर पडण्याचा एक मार्ग असा आहे की ज्याचा परिषदांत क्वचितच उच्चार होतो. रुग्णालयात त्याला ‘डामा’ म्हणतात, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेणे. पैसे संपले, शेत गहाण पडले, घरी दुसरी लेकरे आहेत, अशा वेळी बाप कागदावर अंगठा उठवतो आणि नळी काढलेले मूल जीपमध्ये घालून गावाकडे निघतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने अनेक कुटुंबांना यातून सोडवले आहे, तरी योजनेच्या बाहेरचा खर्च, गावाहून येऊन शहरात राहण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा, कुटुंबाच्याच माथी राहतो.

प्राध्यापिका : वाचण्याची शक्यता उरलेली नसताना यंत्रावर ठेवलेले मूलही अतिदक्षतेचे अपयशच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची कार्यपद्धती सुटसुटीत केली. पण आगाऊ इच्छापत्र करण्याची मुभा सज्ञान व्यक्तीला आहे. मुलाच्या बाबतीत निर्णय आईवडील आणि रुग्णालयाची वैद्यकीय मंडळे यांनी मिळूनच घ्यायचा असतो. तो घ्यायला वेळ, शांत खोली आणि मराठीत सगळे उलगडून सांगणारा वरिष्ठ डॉक्टर लागतो.

जिल्हा बालरोगतज्ज्ञ : तो निर्णय जिल्ह्यात झाला तर आजीआजोबांना मूल पाहता तरी येते, मॅडम. मुंबईत बाप पदपथावर झोपतो आणि आई काचेतून पाहते. आईला खाटेशी बसू दिले तर मूल कमी घाबरते, नळी ओढत नाही आणि त्याला गुंगीचे औषध कमी लागते, हे कोणत्याही सिस्टरला विचारावे.

प्राध्यापिका : आईला आत घेण्याबद्दल आता वाद राहिलेला नाही, अडचण जागेची आहे, आणि थोडी सवयीचीही.

या संवादातून एकाला विजयी ठरवायचे नाही असे म्हणून लेखकाने सुटका करून घेऊ नये. दुर्मीळ आणि दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांपुरती प्राध्यापिकांची बाजू खरी आहे. न्यूमोनिया, डेंग्यू, विंचू, साप, अतिसार आणि जंतुसंसर्ग या नेहमीच्या मारेकऱ्यांपुरती जिल्ह्याची बाजू खरी आहे, आणि महाराष्ट्रातील अत्यवस्थ मुले बहुसंख्येने दुसऱ्या यादीत मोडतात. परंतु ही बाजू टिकते ती एका अटीवर, आणि ती अट नकाशावर दाखवता येत नसल्यामुळे योजनांच्या कागदांत ती सहसा दिसत नाही. व्हेंटिलेटरवरील मुलाशेजारी एक परिचारिका चोवीस तास असावी, असा प्रघात जगभर मान्य आहे. एका खाटेसाठी आठवड्याला एकवीस पाळ्या होतात. एक परिचारिका साप्ताहिक सुटी घेऊन सहा पाळ्या करते. म्हणजे रजा, आजारपण, प्रशिक्षण यांची जागा न सोडताही साडेतीन परिचारिका लागतात आणि ती जागा सोडली की जवळपास पाच. सहा व्हेंटिलेटरच्या विभागाला तीस प्रशिक्षित परिचारिका लागतात, त्याही अशा की ज्यांची वर्षभराने प्रसूतिकक्षात किंवा अपघात विभागात बदली होणार नाही.

म्हणून आपल्या जिल्ह्यात बालअतिदक्षता विभागाचे उद्घाटन होणार असल्याची बातमी वाचनात आली, तर खाटा किती आणि यंत्रे किती हे विचारण्याआधी पालकांनी, पत्रकारांनी आणि जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी मंजूर परिचारिका किती, भरलेल्या किती आणि त्यांपैकी रात्रपाळीला किती, हे तीन आकडे लेखी मागावेत.